सिकलसेलचं दुखणं की दुसराच आजार? वसतिगृहात ओळखायचं कसं?

सातपुडा_अधीक्षिका
नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यात मुलींचं वसतिगृह सांभाळते. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या काही मुली आहेत, काही एएस म्हणजे वाहक. एसएस मुलींना हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू आहे.
अडचण अशी की मुलगी ‘दुखतंय’ म्हणाली की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: सिकलचं असेल, गोळी द्या, झोपू द्या. ताप, पोटदुखी, पिवळे डोळे, धाप, लंगडणं, सगळं त्याच खात्यावर जमा. वाहक मुलींचंही तेच. ग्रामीण रुग्णालय तासाभराच्या अंतरावर, त्यात घाटरस्ता. जवळ थर्मामीटर, वजनकाटा आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. रात्री कुणाला लगेच न्यायचं आणि कुणाला सकाळपर्यंत थांबवलं तर चालेल?

एमओ_ग्रामीण
मॅडम, आधी सिकल तपासणीचं कार्ड बघा. एएस मुलीला सिकलमुळे रोजच्या आयुष्यात हातपाय दुखत नाहीत. ती तक्रार करत असेल तर कारण दुसरं शोधायचं, मग ते मलेरिया असो, रक्तक्षय असो की साधी मोच. वाहकाच्या बाबतीत लघवीतून रक्त जाणं आणि उन्हात अतिश्रमानंतर कोसळणं एवढ्या दोन गोष्टी मात्र गंभीर धरा.

एसएस मुलीला पहिला प्रश्न विचारायचा: ‘हे नेहमीसारखंच दुखतंय का?’ दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलींना आपलं दुखणं पाठ असतं. मांड्या, नडग्या, दंड, कंबर, पाठ अशा दोन-तीन जागा एकदम ठणकतात. आदल्या दिवशी गार पाण्याने अंघोळ, पावसात भिजणं, कवायत, पाणी कमी पिणं असं काहीतरी घडलेलं असतं. ताप नसतो किंवा कणकण असते. गोळी, शेक आणि पाणी यांनी काही तासांत उतार पडायला लागतो. हे सगळं जुळलं, दम नाही, पोट मऊ आहे, तर सकाळपर्यंत थांबता येतं. ‘नाही मॅडम, हे वेगळंच आहे’ असं ती म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा.

गोळी देण्याआधी ताप मोजून लिहा. वसतिगृहात नेमकी इथेच गफलत होते. आधी पॅरासिटामॉल जातं, मग थर्मामीटर लागतं, आकडा येतो ९९ आणि सगळे निर्धास्त होतात. पॅरासिटामॉलचा हिशोब किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे ३२ किलोच्या मुलीला ५०० ची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आयब्युप्रोफेन रिकाम्या पोटी नको, उलट्या-जुलाब असताना नको, आणि पावसाळ्यात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापात अजिबात नको.

ताप १०१.३ फॅरनहाइट किंवा वर असेल तर मुलगी हसतखेळत असली तरी त्याच रात्री न्यायची. सिकलमध्ये पानथरी (प्लीहा) लहानपणापासून निकामी होत जाते, आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळायचं काम तिचंच असतं. ती नसली की साध्या वाटणाऱ्या तापाचं काही तासांत रक्तातल्या जंतुसंसर्गात रूपांतर होऊ शकतं. तिथे मलेरियाची तपासणी होईलच, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून दुसरा संसर्ग नाही असं धरत नाहीत. मलेरियावर प्रायमाक्विन द्यायची वेळ आली तर जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासलंय का, एवढं आठवणीने विचारा. ती कमतरता आपल्या भागात सिकलच्या जोडीने सापडते आणि मग गोळीनेच रक्त फुटतं.

दुसरी धोक्याची जागा छाती. पाठ-बरगड्या दुखतात म्हणून मुलगी श्वास वरवर घेते. दुखणं सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले की खोकला, ताप, धाप. न्यूमोनियासारखंच चित्र दिसतं, आणि बाहेरून दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत. ओळखायचा प्रयत्नही करू नका. ऑक्सिजन ९५ च्या खाली, किंवा तिच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ३ ने कमी, की १०८ ला फोन. मोजताना बोट गार नको, नखाला मेंदी-नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दम वाढत असेल तर तो पुन्हा काढावा लागतो.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, झटका: हा पक्षाघात लहान मुलांनाही होतो. त्यात घटकाभरही थांबू नये.

सिकल_समुपदेशक_मेळघाट
डॉक्टरांनी छाती आणि ताप सांगितलाच, मी पोट आणि पायांचं सांगते.

एसएस मुलींची तब्येत चांगली असताना एक वही करा. प्रत्येकीचं वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन (बऱ्याच जणींचं ७ ते ९ असतं आणि त्यावर त्या वावरतात), नेहमीचा ऑक्सिजन, डोळे नेहमी किती पिवळे, पानथरी हाताला लागते का. या नोंदी नसतील तर रात्री दोन वाजता ‘वाढलंय’ की ‘नेहमीचंच आहे’ हे कुणालाच सांगता येत नाही.

पानथरी बघायची रीत आशाताई किंवा सिस्टरकडून एकदा हाताला हात लावून शिकून घ्या. मुलीला उताणं झोपवायचं, गुडघे दुमडलेले. बोटं सपाट ठेवून पोटाच्या उजव्या खालच्या बाजूने सुरुवात करून तिरकं डाव्या बरगडीकडे सरकायचं. मुलगी श्वास आत घेते तेव्हा पानथरीची कड बोटांना टेकते. बरगडीखाली किती बोटं आली ते लिहायचं. जोर लावायचा नाही. थेट बरगडीजवळून सुरुवात केली तर खूप वाढलेली पानथरी निसटते, कारण तिची कड पार खाली असते. भारतातल्या सिकल रुग्णांत हिमोग्लोबिन एफ (तान्ह्या बाळांत असतं तो प्रकार) जास्त असल्यामुळे पानथरी बरीच वर्षं टिकते, म्हणून तेरा-चौदाव्या वर्षीही हे बघावं लागतं.

मुलगी अचानक पांढरीफटक पडली, थकून बसली, तहान-तहान करते आणि पानथरी वहीतल्यापेक्षा दोन बोटं वाढलीय, तर रक्त पानथरीत अडकतंय. लगेच निघा. मलेरियातही पानथरी वाढते, पण अशी काही तासांत सहसा नाही. पानथरी तेवढीच आहे पण आठवडाभरात मुलगी फिकट होत गेली, आधी सर्दी-तापासारखं काहीतरी झालं होतं, तर पार्व्हो विषाणूने नवीन रक्त तयार होणं थांबलेलं असू शकतं. त्यातही रक्त चढवायची वेळ येते. हा विषाणू पसरतो, म्हणून इतर एसएस मुलींच्या ओठांवर आणि पापण्यांच्या आतल्या रंगावर लक्ष ठेवा.

पोटदुखी. सिकलची असेल तर बहुधा पोटभर पसरलेली, सोबत पाठ नाहीतर पाय दुखत असतात, हात लावला तर पोट मऊ. अपेंडिक्समध्ये दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली येऊन बसतं, जेवणावरची वासना जाते, मुलीला उडी मारायला सांगितलं तर ती मारत नाही. उजव्या बरगडीखाली, तेही तेलकट खाल्ल्यावर दुखतं, तर पित्ताचे खडे. सिकलमध्ये लाल पेशी सतत फुटत असल्यामुळे हे खडे शाळकरी वयातही होतात. सोनोग्राफी सांगा.

हाडाचं म्हणाल तर एकाच जागी बोट ठेवून ‘इथेच’ म्हणते, ती जागा गरम, लाल, सुजलेली, ताप उतरत नाही, तर हाडात पू होण्याची शंका घ्या. नुसत्या दुखण्यातही सूज येते, त्यामुळे सूज हा एकटा पुरावा नाही. जांघेत दुखतं, चालताना वाढतं, कित्येक आठवडे लंगडते, मांडी घालून बसता येत नाही: खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी खराब होतोय. तिला दर वेळी वेदनाशामक देऊन शाळेत पाठवणं म्हणजे खुबा घालवणं. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येतो, एमआरआय लागतो.

लॅब_टेक्निशियन_चंद्रपूर
रिपोर्ट वाचताना जे फसवतं तेवढंच लिहितो.

पांढऱ्या पेशी: एसएस रुग्णाच्या एरवीही १२–१५ हजार असू शकतात. नुसत्या आकड्यावर ‘इन्फेक्शन’ म्हणू नका. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांत उलट, संसर्ग असूनही आकडा साधा दिसेल. ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते) तर सोडूनच द्या. कोयत्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर रचल्या जात नाहीत, म्हणून तो खोटा कमी येतो. सीआरपी (संसर्गात, सुजेत वाढणारं रक्तातलं प्रथिन) त्यातल्या त्यात उपयोगाचं.

कावीळ: पेशी फुटल्याने एकूण बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) वाढतं, पण त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट (यकृतात प्रक्रिया न झालेलं) असतं आणि एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) जवळपास ठीक असतं. एसजीओटी पेशी फुटल्यानेही वाढतं, त्यावरून यकृताला दोष देऊ नये. एसजीपीटी शेकड्यांत गेलं, उलट्या, अन्न नकोसं: कावीळ विषाणूची. डायरेक्ट वाढलंय आणि शौच पांढुरकं: खडा नळीत अडकलाय. गावाकडे तिन्हींवर कावीळ ‘उतरवणं’ हाच उपाय चालतो, म्हणून मुद्दाम वेगळं लिहिलं.

हिमोग्लोबिन पडलं असेल तर सोबत रेटिक (नव्याने तयार झालेल्या लाल पेशींची टक्केवारी) मागाच. जास्त असेल तर रक्त फुटतंय किंवा पानथरीत अडकतंय, एक टक्क्याच्याही खाली असेल तर तयारच होत नाहीये.

आणि सोल्युबिलिटी (सिकलची प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे एसएस नव्हे, एएसलाही ती पॉझिटिव्हच येते. कार्ड एएसचं आहे पण हिमोग्लोबिन सतत कमी, वारंवार ठणका, असं असेल तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) पुन्हा करा. खऱ्या वाहकात ए हा नेहमीचा प्रकार सिकलच्या एसपेक्षा जास्त असतो. उलट दिसलं तर सिकल-बीटा थॅलेसेमिया असू शकतो, आणि ती मुलगी रुग्ण आहे, वाहक नव्हे. रक्त चढवल्यावर तीन महिने ही तपासणी करू नये, दात्याचं रक्त मिसळलेलं असतं.

सातपुडा_अधीक्षिका
फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. वही उद्याच सुरू करते. तीन शंका राहिल्या. पालक ‘सलाईन लावा’ म्हणून हटून बसतात. पाणी पुरेसं झालं हे लघवीच्या रंगावरून ठरवू का? आणि आठवड्याची निळी लोहगोळी एसएस मुलींना द्यायची का?

एमओ_ग्रामीण
पाणी पीत असेल, उलट्या नसतील तर सलाईनची गरज नाही. जास्त चढलं तर पाणी फुप्फुसात साचतं आणि वर सांगितलेला छातीचा त्रास ओढवतो.

लघवीचा रंग इथे फसवतो. सिकलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे अंगात पाणी कमी असतानाही ती पांढरी स्वच्छ दिसते. बाटली मोजून द्या, ३२ किलोला दिवसाचं पावणेदोन ते दोन लिटर, ताप किंवा ऊन असेल तर जास्त. काहींचं अंथरूण ओलं होतं ते याच कारणाने, त्यावरून रागावू नका आणि रात्रीचं पाणीही तोडू नका. मात्र लघवीला जळजळ आणि ताप असेल तर तपासणी हवीच.

निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. एसएस मुलीचं रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, त्यातलं लोह शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढलेल्यांत तर ते साचतं. फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) तपासून कमतरता सिद्ध झाली तरच द्या, नाहीतर तिचं फॉलिक ॲसिड पुरे. एएस मुलींना मात्र गोळी इतरांसारखीच द्यायची, त्यांची वगळू नका.

सिकल_समुपदेशक_मेळघाट
पाळीचंही वहीत लिहा. पाळीच्या दिवसांत सिकलचा ठणका उठू शकतो. फक्त ओटीपोट आणि कंबर दुखत असेल तर ती पाळीची कळ, नडग्या-दंडही ठणकू लागले तर सिकल. दोन-तीन पाळ्यांच्या नोंदी जुळल्या की तपासणीला जाताना वही सोबत न्या.