‘मौनव्रत’, ‘वाक्संयम’ आणि शेजारती

राजारामपुरीचा अनुवादक:
संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीप्रमाणे चालणाऱ्या ख्रिस्ती मठांच्या दिनचर्येवरील एका पुस्तिकेचा मी अनुवाद करीत आहे. सहाव्या शतकातील या नियमावलीच्या ७३ प्रकरणांपैकी ४२ वे प्रकरण सांगते की रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर, म्हणजे ‘कॉम्प्लिन’नंतर, कोणीही बोलू नये. मी तेथे ‘मौनव्रत’ असे लिहिले, ते तपासनिसांनी खोडले. ‘कॉम्प्लिन’साठी योजलेल्या ‘शेजारती’वरही त्यांनी प्रश्नचिन्ह काढले. दिवसभरातील प्रार्थनावेळांना मराठीत कोणती नावे द्यावीत?

मंगळवार पेठ:
तपासनिसांचे बरोबर आहे. हे मठवासी मठाशी कायम बांधून राहण्याचे, मठजीवनाला साजेशा आचरणाचे आणि आज्ञापालनाचे वचन देतात; त्यांत मौनाची शपथ नाही, आणि याच नियमावलीने चालणारे, अबोलपणाबद्दल ख्यात असलेले ट्रॅपिस्ट संघाचे मठवासीही ती घेत नाहीत. आपल्या व्रताला संकल्प असतो, मुदत असते, उद्यापन असते. नियमावलीच्या सहाव्या प्रकरणाच्या शीर्षकातील लॅटिन शब्द ‘टॅसिटर्निटास’ हा कमी बोलण्याच्या वळणाचा वाचक आहे, म्हणून ‘वाक्संयम’ लिहावे.

शिरोळ तालुका:
‘व्रत’ जाऊ द्या, पण ‘वाक्संयम’ कोण बोलते? आमच्याकडे दिगंबर जैन मुनी उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात तेव्हा एक शब्दही उच्चारत नाहीत, काही हवे-नको असल्यास खुणेने दाखवतात, आणि भोवतीचे श्रावक त्याला ‘मौन’च म्हणतात. ३८ व्या प्रकरणात हेच आहे: जेवताना एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे, आणि काही हवे असल्यास तोंडाने न मागता खुणेच्या आवाजाने मागावे. शिवाय ‘मौन’ हा शब्द ‘मुनि’वरूनच आला आहे, तेव्हा मठवासीयांना तो जितका शोभतो तितका दुसरा कोणताही शोभणार नाही.

जुनी लिपी:
मला खटकते ती शेजारती. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या शेजारतीत देवीला निजवायचे असते. मठात मात्र प्रार्थना करून निजायला जातात ते मठवासीच. अर्थ असा उलटा करणारा शब्द केवळ ओळखीचा म्हणून घेऊ नये. ‘निशाप्रार्थना’ सरळ आहे.

मंगळवार पेठ:
तसे केल्यास मध्यरात्रीनंतर उठून म्हणायच्या प्रार्थनेला काय म्हणाल? नियमावलीत बायबलमधील ११९ व्या स्तोत्राच्या आधारे दिवसाच्या सात वेळा आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना येतात, आणि त्यांतून आठवड्यात सर्व १५० स्तोत्रे म्हटली जावीत असा दंडक आहे. फजर, जोहर, असर, मगरीब, इशा यांचे भाषांतर आपण करीत नाही, मग ‘कॉम्प्लिन’चे तरी का करावे?

जुनी लिपी:
कारण नमाजाची नावे येथे शतकानुशतके कानावर आहेत. कोल्हापुरातील ख्रिस्ती समाज मात्र प्रामुख्याने १८५२ मध्ये वाइल्डर यांनी सुरू केलेल्या अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतला. तिच्यात मठच नाहीत, त्यामुळे हे शब्द येथे रुळण्याचे कारणच पडले नाही. जाता जाता, ‘शेज’ हा ‘शय्या’चा तद्भव आहे, आणि माझ्या मते ‘शेजारी’ही त्यातूनच आला असावा.

शिरोळ तालुका:
‘शेजारी’बद्दल पुरावा द्यावा, ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. त्याहून मला क्रियापदाची अडचण मोठी वाटते. आपण उपास ‘सोडतो’ तेव्हा तो पूर्ण झालेला असतो, आणि ‘मोडतो’ तेव्हा चूक घडलेली असते. ४२ व्या प्रकरणात पाहुण्यांची गरज असल्यास किंवा मठाधिपतीने आज्ञा केल्यास रात्रीही गांभीर्याने आणि मोजके बोलण्यास मुभा आहे. अशा वेळी बोललेल्याने मौन सोडले म्हणता येत नाही, कारण रात्र संपलेली नाही. मोडले म्हणावे तर त्याने नियमाबाहेर काहीच केलेले नाही.

मंगळवार पेठ:
म्हणूनच मी ‘वाक्संयम’ म्हणत होतो. तो सोडावाही लागत नाही आणि मोडतही नाही.

राजारामपुरीचा अनुवादक:
आठ प्रार्थनांपैकी एकीचेही नाव अजून ठरलेले नाही.