पावसाळ्यात दुर्बीण बंद ठेवावी की उघडीप धरावी?

कृत्तिका:
दर जूनमध्ये नवे निरीक्षक हाच प्रश्न विचारतात: चार महिने दुर्बिणीचं करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. मुंबई, कोकण, पुणे, नाशिकचा घाटाकडचा भाग, इथे राहणाऱ्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत दुर्बीण बाहेर काढू नये. जुन्नरजवळ गिरवलीला असलेली आयुकाची (पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थेची) दोन मीटरची दुर्बीणसुद्धा पावसाळ्यात बंद असते. आपण आठ इंची घेऊन गच्चीवर कशाला झुंजायचं?

हळहळ वाटते ती वृश्चिक आणि धनूची. जुलैच्या मध्याला रात्री साडेनऊ-दहाला वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असतो आणि नेमकं तेव्हाच आभाळ गच्च. पण आकाशगंगेचा हाच गाभा एप्रिलच्या मध्यात पहाटे साडेचारच्या सुमारास मध्यमंडलाजवळ असतो, तोही कोरड्या हवेत. गजर लावून तेव्हा उठा. ययातीचा उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टला हुकतो हे खरं, पण १३-१४ डिसेंबरचा मिथुनेचा वर्षाव आपल्याकडून त्याहून चांगला दिसतो. पावसाळ्यातल्या दहा मिनिटांच्या फटीसाठी भिंगांना बुरशी लावून घेण्यात शहाणपण नाही.

डॉबवाला:
अजिबात पटलं नाही. एप्रिलची हवा कोरडी असते, पण धुळीने भरलेली असते. क्षितिजापासून पंधरा-वीस अंश वरपर्यंत मळकट पट्टा. याउलट दोन दिवस पाऊस कोसळून उघडीप पडली की हवेतली धूळ धुऊन गेलेली असते. तेव्हाचं आकाश काळंभोर असतं.

दुसरा फायदा कुणी सांगत नाही. हिवाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो आणि आठ इंची आरसा थंड व्हायला तासभर जातो. जुलैत पुण्यात हा फरक जेमतेम पाच-सहा अंशांचा. आरसा बाहेर ठेवला की थोड्या वेळात कामाला तयार.

चूक होते ती साधन निवडताना. विषुववृत्तीय माउंट (ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायची बैठक) पावसाळ्यात काढू नका. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, आणि त्या उंचीवर ढगांचा थर कायम असतो. ध्रुव साधेपर्यंत फट बंद होते. १०×५० द्विनेत्री किंवा साधा डॉब (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) घ्या आणि लक्ष्यांची यादी आधीच लिहून ठेवा. पाच मिनिटांच्या फटीत अल्बिरिओ हा जोडतारा: ३४ विकलांचं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर, साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीतही सोनेरी आणि निळा तारा वेगळे दिसतात. दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरी हा जोडतारा, दीडशेपट वर्धनावर. दक्षिणेला फट पडली तर वृश्चिकाच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७ हे तारकागुच्छ, द्विनेत्रीतून. अंधुक दीर्घिका सोडून द्या. त्यांना डोळा अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, आणि शहरात ढगांवरून परतलेला उजेड तो सराव टिकू देत नाही.

सुकीहवा:
कृत्तिका, बुरशीबद्दलचा तुमचा समज चुकतोय. दुर्बीण वापरल्याने बुरशी लागत नाही, गुंडाळून ठेवल्याने लागते. जूनमध्ये घरातली आर्द्रता ८५ टक्के असताना नळी प्लॅस्टिकच्या कागदात बांधून माळ्यावर टाकली की ती ओली हवा आत कोंडली जाते. वर अंधार, वारा नाही. बुरशीला आणखी काय हवं? पेटीतला फोमही पाणी धरतो. ऑक्टोबरमध्ये भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ते पुसले तरी त्यांच्या आम्लाने लेपावर पडलेले डाग जात नाहीत.

काय करावं ते सांगते. आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) फोममधून काढून रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवा. आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साधारण वीस लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल पुरतं, पण डबा रोज उघडला तर आठवड्यात थकतं. नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. नारिंगी जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. त्याहून जास्त तापवलं तर रंग करपतो आणि मग ते भरलंय की रिकामं हे कळत नाही.

डॉबची नळी डब्यात मावत नाही. ती हवेशीर खोलीत, तोंड खाली झुकवून, सुती चादर टाकून ठेवा.

घाटमाथा:
कृत्तिका, तुम्ही अख्ख्या पट्ट्याला एकाच मापाने मोजताय. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. दोन्ही सातारा जिल्ह्यातच. पुण्याहून पूर्वेला शंभर किलोमीटर गेलं की ढग फाटायला लागतात. ऑगस्टमध्ये मान्सूनची द्रोणी (कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याशी सरकली की पावसात खंड पडतो, तेव्हा माण, आटपाडी, सांगोला हे भाग मोकळे मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. ऑगस्ट २०२३ हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, हेही लक्षात असू द्या.

उपग्रहचित्र बघताना मात्र फसायला होतं. रात्री दृश्यप्रकाशातलं चित्र मिळत नाही, म्हणून सगळे इन्सॅटचं १०.८ मायक्रोमीटरचं अवरक्त चित्र बघतात. त्यात उंच, थंड ढग पांढरे दिसतात. घाटाला चिकटलेला खालचा थर जवळपास जमिनीइतकाच गरम असतो, म्हणून तो जमिनीसारखाच करडा दिसतो. चित्र म्हणतं मोकळं, वर बघावं तर एक तारा नाही. उपाय: सूर्यास्तापूर्वीचं शेवटचं दृश्य चित्र जपून ठेवा आणि अंदाजाच्या ॲपमध्ये एकूण ढगांचा आकडा न बघता खालचे, मधले, वरचे असे तीन आकडे वेगळे बघा. खालचे ४० टक्क्यांच्या वर असतील तर गाडी काढू नका.

खग्रास:
आकाशातल्या घटना आपल्या सोयीने हिवाळ्यात घडत नाहीत. ७ सप्टेंबर २०२५ चं चंद्रग्रहण घ्या. खग्रास अवस्था रात्री ११ ते १२:२२, म्हणजे ८२ मिनिटं. तुटक ढग असले तरी एवढ्या वेळात दोन-चार फटी मिळण्याची आशा असते, आणि तांबूस चंद्राला एक फटही पुरते. दुर्बीण सप्टेंबरभर बांधून ठेवणाऱ्याच्या हाती काय लागणार?

पण सूर्यग्रहणाला हा हिशेब लावू नका. २२ जुलै २००९ ला खग्रास पट्टा सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटण्यावरून गेला. बिहारमधल्या तारेगनाला हजारो लोक जमले आणि ढगांनी सगळं झाकलं. खग्रास अवस्था तीन-चार मिनिटांची असेल तर फटीची वाट बघत बसणं हा जुगार आहे. तिथे एकच मार्ग: आदल्या रात्री दोनशे किलोमीटर हलण्याची तयारी.

एकवीससेंमी:
ढगांशी भांडायचंच कशाला? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस अँटेना भर पावसाळ्यात काम करतात. हौशी माणसालाही आकाशातल्या हायड्रोजनची १४२०.४ मेगाहर्ट्झची रेडिओ रेषा ढगांआडून मिळते. पत्र्याचा शिंगाच्या आकाराचा अँटेना, त्याच बँडचा फिल्टर असलेला प्रवर्धक, यूएसबी एसडीआर (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक) आणि लॅपटॉप. प्रवर्धक अँटेनाला चिकटूनच हवा, कारण मधल्या केबलमध्येच संकेत विरतो. अँटेनाच्या तोंडावर पातळ थर्माकोल लावा, पाणी आत गेलं तर प्रवर्धक जातो. वीज कडाडत असेल तर सगळं काढून घरात आणा.

ज्यांना कॅमेऱ्याचंच काम करायचंय त्यांच्यासाठी एक इशारा. "पावसाळ्यात डार्क फ्रेम काढून ठेवा" (झाकण लावून घेतलेले, मूळ फोटोतून वजा करायचे फोटो) हा सल्ला साध्या डीएसएलआरला लागू नाही. संवेदकाचा डार्क करंट (उजेड नसतानाही उमटणारा संकेत) दर सहाएक अंशांना दुप्पट होतो. जुलैत २५ अंशांना काढलेल्या फ्रेम जानेवारीच्या १२ अंशांच्या फोटोला लावल्या तर वजाबाकी जास्त होऊन काळे ठिपके उरतात. शीतक असलेल्या कॅमेऱ्याला चालतं.

कृत्तिका:
गुंडाळून ठेवण्याबद्दल सुकीहवाचं म्हणणं मान्य. "बंद ठेवा" म्हणजे "बांधून टाका" असा अर्थ होणार असेल तर माझा शब्द चुकला. घाटाच्या पट्ट्याबद्दलचं मत मात्र कायम आहे. डॉबवाला, तुमच्या सल्ल्यात दव कुठेच नाही. २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २४ अंशांवर असतो. पंधरा मिनिटांत सगळं ओलं होतं.

डॉबवाला:
होतं, पण सगळं नाही. डॉबमध्ये मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे शेवटी ओलावतो. आधी फाइंडर, मग आयपीस, मग दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा). दुय्यम आरशाच्या पाठीला ३३० ओमचे, अर्ध्या वॅटचे चार रेझिस्टर समांतर जोडून चिकटवा. १२ व्होल्टवर मिळून पावणेदोन वॅट, प्रवाह ०.१५ अँपिअर, म्हणजे सात अँपिअर-तासाच्या बॅटरीवर रात्र आरामात निघते. वायर आरसा धरणाऱ्या पट्टीच्या कडेनेच न्या, मोकळी लोंबू दिली तर ताऱ्याला जादा किरण फुटतात. आयपीस खिशात ठेवा. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट गच्चीवर नेऊ नका, नेताक्षणी धुरकटते. तासभर आधी बिनएसीच्या खोलीत ठेवा. परत आणल्यावर झाकण लगेच लावायचं नाही. नळी आडवी ठेवून पंखा लावा आणि दोन तासांनी, आरसा टॉर्चच्या तिरक्या उजेडात कोरडा दिसल्यावरच झाका.