तक्रार ‘निवारण झाली’ असे कोणी म्हणायचे?

धायरीची रहिवासी (धागाकर्ती)

आमच्या घरातील पाणी शुद्ध करण्याचे यंत्र गेल्या महिन्यात बंद पडले. वार्षिक देखभालीचे पैसे आगाऊ भरलेले होते, म्हणून कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवली. पुढच्या २२ दिवसांत ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश मला चार वेळा आला आणि त्या चारही वेळा यंत्राला कोणाचा हातसुद्धा लागलेला नव्हता. एकदा ‘ग्राहक घरी नव्हते’ असे कारण दिले होते. त्या दिवशी मी आणि सासूबाई सकाळपासून रात्रीपर्यंत घरीच होतो. प्रत्येक वेळी नवी तक्रार, नवा क्रमांक आणि दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून. कंपनीच्या नोंदीत चार तक्रारी वेळेत निकाली निघाल्या आहेत. २२ दिवस पाण्याचे जार विकत घेणाऱ्या घराची नोंद तिथे कुठेच नाही.

हे यंत्र आमच्याकडे हौस म्हणून घेतलेले नाही. धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली, तरी आमच्या सोसायटीत आजही टँकर येतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, पाण्याविषयी शंका निर्माण झाली आणि पाणी उकळूनच प्या, असे सांगितले गेले. तेव्हापासून आमच्या भागातील माणूस पाण्याचा पेला तोंडाला लावताना क्षणभर थांबतो.

माझे मत असे आहे की, तक्रार बंद करण्याचा अधिकार ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हाती असता कामा नये. हे खासगी कंपन्यांना जितके लागू आहे तितकेच सार्वजनिक कारभारालाही आहे. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडावे लागले. मधली जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवक चांगला असो वा वाईट, त्याला वाटेत थांबवून ‘काम झालेले नाही’ असे तोंडावर सांगता येते. ‘निवारण झाले’ या संदेशाला तसे उत्तर देण्याची सोय मला आढळली नाही. यंदा प्रचाराला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मी हाच प्रश्न विचारला. सगळे रस्त्यांवर बोलले, पाण्यावर बोलले. तक्रारीवर शेवटची सही कोणाची, यावर एकही बोलला नाही.

बाणेरचा संगणक अभियंता

आपल्याला झालेला त्रास खरा आहे, परंतु आपण सुचवलेल्या उपायाशी मी सहमत नाही. तक्रारी हाताळणाऱ्या प्रणाली तयार करण्याचे काम मी गेली नऊ वर्षे करत आहे. काम पूर्ण झाल्यावर ‘आपले समाधान झाले का?’ असा संदेश पाठवला, तर बहुतेक लोक उत्तर देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यात त्यांचा दोष नाही. दिवा लागला की माणूस दिव्याची तक्रार विसरतो. तक्रारदारानेच ती बंद करायची असे ठरवले, तर पूर्ण झालेली असंख्य कामे कागदोपत्री अपूर्ण राहतील आणि ज्याचे काम खरोखर अडले आहे त्याची तक्रार त्या ढिगाऱ्याखाली दबून जाईल.

नगरसेवकाविषयी आपण लिहिले आहे, तेही मला पटत नाही. वाटेत थांबवण्याइतकी ओळख कोणाची असते? मी नांदेडहून येथे आलो, सहा वर्षे भाड्याच्या घरात राहिलो आणि मतदारयादीत नाव नसल्यामुळे माझ्या म्हणण्याला कोणाच्याही लेखी किंमत नव्हती. महापालिकेच्या ॲपमुळे मला पहिल्यांदा तक्रारीचा क्रमांक मिळाला. ओळखीच्या आणि बिनओळखीच्या माणसाला ते एकाच रांगेत उभे करते, ही गोष्ट लहान नाही.

सदाशिव पेठेतील ग्राहक कार्यकर्ता

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. ज्या पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, त्याच पुण्यातील सुशिक्षित ग्राहकाने ॲपवर एकामागून एक चार तक्रारी नोंदवाव्यात आणि कायद्याकडे वळूनही पाहू नये, याचे मला वाईट वाटते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आगाऊ पैसे घेऊन सेवा न देणे ही त्या कायद्यानुसार सेवेतील त्रुटी आहे. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करण्यास शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, कंपनीला लेखी नोटीस द्यावी आणि त्यात आजवरच्या चारही तक्रारींचे क्रमांक व तारखा लिहाव्यात. कंपनीच्या ॲपमध्ये तक्रार बंद झाली की उघडी राहिली, याने आपला हक्क तसूभरही कमी होत नाही.

कात्रजची गृहिणी

माझा धाकटा भाऊ घरोघरी जाऊन यंत्रे दुरुस्त करतो, म्हणून दुसरी बाजू मांडते. धागाकर्ती ताई जे मागत आहेत ते अनेक ठिकाणी आधीच आहे. ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो मिळाल्याशिवाय तंत्रज्ञाला काम पूर्ण झाल्याची नोंद करता येत नाही. म्हणजे शेवटची सही ग्राहकाचीच झाली ना? प्रत्यक्षात काय होते? सुटा भाग आलेला नसतो, वरून ‘आज हे प्रकरण संपवा’ असा फोन येतो, आणि माझा भाऊ ग्राहकाला विनवतो की ओटीपी आत्ता द्या, भाग आला की मी स्वतः येऊन बसवून जाईन. त्याला दर कामामागे पैसे मिळतात; ओटीपी मिळाला नाही तर त्या दिवसाची त्याची फेरी फुकट जाते. लोक त्याच्याकडे पाहून ओटीपी देतात. सही ग्राहकाकडे सोपवली, तर ती मिळवण्याचा सगळा भार सर्वांत खालच्या माणसावर येतो, याचाही विचार व्हावा.

धायरीची रहिवासी (धागाकर्ती)

कात्रजच्या ताईंनी लिहिलेले वाचून मला माझे म्हणणे दुरुस्त करावे लागत आहे. दारात उभ्या असलेल्या, घामाघूम झालेल्या मुलाला नाही म्हणणे मलाही जमले नसते. तेव्हा सही ग्राहकाची असावी एवढेच पुरेसे नाही. ती दारात, त्या मुलाच्या समोर मागितली जाऊ नये. तंत्रज्ञाने ‘भेट दिली’ किंवा ‘भाग हवा’ एवढेच नोंदवावे आणि त्याचे पैसे त्या भेटीवर मिळावेत. काम झाले की नाही, हे ग्राहकाला दोन दिवसांनी स्वतंत्रपणे विचारावे.

अभियंता महोदयांचा आक्षेपही रास्त आहे. सात दिवसांत उत्तर आले नाही तर तक्रार बंद करा, माझी हरकत नाही. परंतु ‘झाले नाही’ असे मी कळवले, तर तीच तक्रार, त्याच क्रमांकाने आणि पहिल्या दिवसापासूनच्या मोजणीसह पुन्हा उघडली पाहिजे, आणि ती आधी बंद करणाऱ्याच्या वरिष्ठाकडे गेली पाहिजे. ही काही नवी कल्पना नाही. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू असलेल्या माहिती अधिकाराच्या कायद्यात जन माहिती अधिकाऱ्याने ‘माहिती दिली’ असे लिहिले म्हणून विषय संपत नाही. अर्जदाराला त्याच्या वरिष्ठाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सरकारी कागदाला जे साधते ते ॲपला का साधू नये?

कायद्याविषयीचा सल्ला मी शिरोधार्य मानते. नोटीस उद्या स्पीड पोस्टाने जाईल. पण आयोग हा दवाखान्यासारखा आहे, आणि मी बोलते आहे ते रोजच्या पाण्याविषयी. ई-वाणिज्यासाठीचे २०२० चे नियम तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे असे सांगतात. ते झाले, असे कोणी म्हणायचे, हे मात्र सांगत नाहीत. माझी तक्रार त्या एका महिन्यात चार वेळा ‘निवारली’ गेली, म्हणजे मुदत पाळलीच गेली.

बाणेरचा संगणक अभियंता

सात दिवसांची अट आणि जुनाच क्रमांक या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड असे काहीच नाही. वरिष्ठाकडे आपोआप जाण्याच्या कलमावर मात्र माझा विरोध कायम आहे, कारण प्रत्येक नाराजी वर गेली की वरचा माणूसही खालच्यासारखाच डोळे मिटून ‘निवारण’ लिहू लागतो. दोनदा उघडली गेलेली तक्रारच वर जावी, असे मी सुचवतो.

धायरीची रहिवासी (धागाकर्ती)

दोनदा म्हणजे आमच्या घरच्या हिशेबाने (२२ दिवसांत चार वेळा) अकरा दिवसांचे जार. एकदाच उघडल्यावर ती वर जावी, या मतावर मी ठाम आहे.