मदत हवी आहे: अंगठा चालतो तर बोटं अडतात (गिटार)

चुकलेला_अंगठा, ठाणे:
चार महिने एकच तुकडा धरून बसलोय. नुसता अंगठ्याचा ठेका जमतो. वर चाल आली की अंगठाही चालीमागे पळतो. बहिणीच्या साखरपुड्यात वाजवायचंय, २० दिवस उरलेत. "सराव कर" सोडून काहीतरी सांगा.

तिसरी_तार:
तारा स्टीलच्या की नायलॉनच्या? वेग किती?

चुकलेला_अंगठा:
काळी आहे, मोठी. व्हिडिओबरोबर वाजवतो.

घोडबंदरकर:
उजव्या हाताची नखं वाढव. आवाज कसा सुटा येतो बघ.

तिसरी_तार:
आवाजाचं कोण विचारतंय? व्हिडिओबरोबर म्हणजे पूर्ण वेगात, घोळ तिथेच आहे. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ५० वर लाव. आधी नुसता अंगठा: सहावी-चौथी तार, मग पाचवी-चौथी. समोरच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतका. मग चालीतला एकच स्वर, अंगठ्याबरोबर, चिमटीत धरल्यासारखा. दोन ठोक्यांच्या मधे पडणारे स्वर सगळ्यात शेवटी. नडतात तेच.

वाशीचा_बाबू:
पाया कच्चा आहे. जुन्या गिटारवादक कार्कासीचे ओपस ६० मधले २५ अभ्यास आधी करायला हवे होते.

तिसरी_तार:
साखरपुडा पुढच्या वर्षी आहे का हो?

नौपाडाकाकू:
गोखले रोडच्या आसपास मुलीसाठी क्लास आहे का एखादा? वय ९.

चुकलेला_अंगठा:
५० वर अंगठा सुटला! पण करंगळीने तार दाबताना जीव जातो, तिथेच सगळं कोसळतं.

घोडबंदरकर:
ट्रस रॉड, नेकच्या (दांड्याच्या) आतली सळई, पिळून घे.

तिसरी_तार:
पिळू नकोस! पट्टी घे. बाराव्या फ्रेटपासून (नेकवरची धातूची आडवी रेघ) सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती?

चुकलेला_अंगठा:
साडेचार मिलिमीटर. तारा स्टीलच्या.

तिसरी_तार:
आणि हे आत्ता सांगतोस! अडीचच्या आसपास हवं. ट्रस रॉड नेकच्या बाकासाठी असतो. नेक सरळ असेल तर सॅडल, म्हणजे खाली तारा टेकतात ती बारीक पट्टी, खालून घासावी लागते. बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायला सॅडल २ मिमी जाते, म्हणून घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नकोस. ठेवतोस कुठे?

चुकलेला_अंगठा:
खिडकीशी. खाडी दिसते तिथून.

वाशीचा_बाबू:
मग काय! पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, वरची फळी फुगते, तारा उचलल्या जातात. कव्हरमध्ये ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

घोडबंदरकर:
नखांचं मात्र खरंच बघ.

चुकलेला_अंगठा:
दुकानवाला म्हणतो, चार दिवस गिटार ठेवून जा. चार दिवस मी काय वाजवू?

तिसरी_तार:
टेबल. नुसता अंगठा, ५० वर.