मदत हवी आहे: कोयरीच्या शेंड्याशी कापड गोळा होतंय
भाचीच्या डोहाळजेवणासाठी खणाच्या ब्लाउजच्या बाहीवर कोयरी भरतेय. कडेला साखळी टाका, पोटात भरीव टाका, मधे गाठी. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घेतलेत. पोट छान भरलं (राणी आणि पोपटी, झक्कास दिसतंय!), पण शेंडा वळतो तिथे टाके एकमेकांवर चढतात आणि रिंग काढली की कापडाला चुण्या पडतात. दोनदा उसवलं, आता खणावर सुईची भोकं दिसायला लागलीत. वळणावर आतल्या बाजूचे टाके आखूड घ्यायचे का? मागून अस्तर लावून भरू?

आणि कडेला बारीक मणी लावायचेत, पण माझी सुई मण्यातून जातच नाही. कितव्या नंबरची घेऊ? दर मण्यामागे गाठ मारता की चार-पाच मण्यांनंतर?