शिलाई मशीनची वारसदार आणि पॅरिसचे संगीत

मंद्रसप्तक:
आमच्या आजीच्या पायमशीनवर सोनेरी अक्षरांत ‘सिंगर’ असे लिहिलेले होते. त्या कंपनीचे संस्थापक आयझॅक सिंगर यांची मुलगी विनारेटा (१८६५–१९४३) हिने प्रिन्सेस द पोलिन्याक या नावाने पॅरिसमधील अनेक संगीतकारांना आश्रय दिला, असे वाचनात आले. यात तिची स्वतःची जाण किती होती, की नुसता वडिलांचा पैसाच बोलत होता?

सुईदोरा:
पैसा होताच, आणि तो १८५६ पासून हप्त्याहप्त्याने मशीन घेणाऱ्या शिंप्यांच्या व गृहिणींच्या खिशातून आलेला होता, हे विसरू नये. मात्र ती स्वतः चित्रकार आणि ऑर्गनवादक होती. तिच्या घरच्या स्टुडिओत कावाये-कोल यांनी बांधलेला, नळ्यांचा मोठा ऑर्गन होता. पहिला विवाह रद्द झाल्यावर तिने १८९३ मध्ये साठीला टेकलेल्या एदमाँ द पोलिन्याक या संगीतकाराशी लग्न केले. दोघांचीही ओढ समलिंगी असल्याने तो संसार मैत्रीवर आणि संगीतावर उभा राहिला. १९०१ मध्ये एदमाँ वारले.

निषाद:
मला तिची जाण तिने मागवलेल्या रचनांत दिसते, कारण प्रचंड वाद्यवृंदांचा काळ ओसरत असताना तिने मोजक्या वादकांसाठीच्या रचना मागितल्या. फाल्या या स्पॅनिश संगीतकारांचा बाहुल्यांचा ऑपेरा, म्हणजे गायलेले नाटक, २५ जून १९२३ रोजी तिच्याच दिवाणखान्यात रंगमंचासह सादर झाला. त्यात सर्व्हान्तेसच्या कादंबरीचा नायक डॉन किहोते स्वतः मोठी बाहुली असून छोट्या बाहुल्यांचा खेळ पाहतो आणि शेवटी खवळून त्यांच्यावरच तलवार चालवतो! हार्पसिकॉर्ड या पियानोच्या पूर्वजासारख्या वाद्यावर वांडा लांडोव्स्का होत्या.

मंद्रसप्तक:
म्हणजे हे सारे निमंत्रितांपुरतेच होते, असेच ना?

सुईदोरा:
बऱ्याच अंशी होय, आणि तो आक्षेप मला मान्य आहे. तरी रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कींची तिने मागवलेली ‘रेनार’ ही रंगमंचीय रचना १९२२ मध्ये पॅरिस ऑपेरा या नाट्यगृहात रंगली, आणि साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने बेघरांसाठी उभारलेल्या, वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या निवाऱ्यालाही तिने मोठी देणगी दिली.

निषाद:
एक राहिलेच. तिने फ्रेंच संगीतकार पुलांक यांच्याकडे आपल्याला स्वतः वाजवता येईल अशी ऑर्गनची सोपी रचना मागितली होती, पण ती हातात घेतल्यावर वाढतच गेली आणि अवघड झाली. डिसेंबर १९३८ मध्ये तिच्याच घरी, तिच्याच ऑर्गनवर ती द्युरुफ्ले यांनी वाजवली, वाद्यवृंदाचे संचालन नादिया बुलांजे यांनी केले, आणि यजमानीणबाई श्रोत्यांत होत्या.