'टू'च्या पुढे 'मीट' की 'मीटिंग'?

मसुदेकार

आमच्या संस्थेची इंग्रजी पत्रे मी लिहितो आणि वरिष्ठांच्या सहीआधी ती एका सहकाऱ्याच्या नजरेखालून जातात. परवा एका पत्रातील 'वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' या वाक्यातले 'मीटिंग' खोडून त्यांनी 'मीट' केले आणि समासात लिहिले, "टूनंतर क्रियापदाचे मूळ रूप येते. शाळेतला नियम आहे." नियम शाळेतलाच आहे, आणि 'वाँट टू मीट', 'होप टू मीट' येथे तो बरोबर लागू पडतो. परंतु येथला 'टू' हा 'इन', 'ऑन', 'फ्रॉम' यांच्या पंगतीत बसणारा असल्यामुळे त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे वागणारे रूपच हवे, हे त्यांना पटत नाही. 'सक्सीड इन मीटिंग', 'इन्सिस्ट ऑन मीटिंग' ही रूपे ते बिनतक्रार मान्य करतात. गाडे अडते ते फक्त 'टू'पाशी. इंग्रजी व्याकरणाची पुस्तके त्यांच्याकडेही आहेत, तेव्हा ती सुचवू नयेत. मराठी माणसाला मराठीतूनच पटेल अशी एखादी खूण आहे काय? आणि या 'इंग'वाल्या रूपाला मराठीत नेमके काय म्हणावे?

फळा-खडू

खूण आहे, आणि वर्गात मी ती वर्षानुवर्षे वापरली आहे. क्रियापदाच्या जागी साधे नाम ठेवून पाहावे. 'वी लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' हे वाक्य उभे राहते, 'वी वाँट टू द हॉलिडेज' हे कोसळते. जेथे नाम उभे राहते तेथे क्रियापदाने 'इंग' लावूनच यावे. याच खुणेने 'आय यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे 'मी गाडी चालवत असे' आणि 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे 'मला गाडी चालवण्याची सवय आहे' यांतला फरक सुटतो. मराठी माध्यमातून आलेली मुले 'आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली' असे हमखास लिहितात आणि त्यांच्या कानाला त्यात काहीही खटकत नाही.

आपल्याला मराठीतली खूण हवी असेल तर ती 'ण्या' ही आहे. मराठीतही क्रियापदाला विभक्तीचा प्रत्यय थेट लागत नाही. 'भेटणे' या नामाचे सामान्यरूप 'भेटण्या' होते आणि मगच 'भेटण्यात यश आले', 'भेटण्यावर अडून बसला', 'भेटण्यापासून रोखले', 'भेटण्याची वाट पाहतो' अशी रूपे होतात. याउलट 'मीट'च्या जागी मराठीत 'भेटायला' किंवा 'भेटायचे' येते. आपल्या सहकाऱ्यांना सांगावे की 'ण्या' दिसला की 'इंग' लावावा आणि 'आयला' दिसले की मूळ रूप ठेवावे. याहून सोपे काही नाही.

खाडाखोड

सोपे आहे खरे, पण टिकाऊ नाही. 'त्यांनी करण्यास नकार दिला' आणि 'त्यांनी करण्यास हरकत घेतली' या दोन वाक्यांत मराठीने तसूभरही फरक केलेला नाही. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी 'रिफ्यूज्ड टू डू' आणि दुसऱ्यासाठी 'ऑब्जेक्टेड टू डूइंग' म्हणावे लागते. 'भेटण्याची इच्छा' आणि 'भेटण्याचे ठरवले' यांतही 'ण्या' आहे, परंतु इंग्रजीत दोन्हीकडे 'टू मीट'च येते. तुमची पहिली, नाम ठेवून पाहण्याची खूण पक्की आहे. दुसरी खूण सहकाऱ्याच्या हाती दिलीत तर तो उद्या 'डिसायडेड टू मीटिंग' लिहील.

मी न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करतो आणि माझ्या अनुभवात मराठी माणूस 'टू'पेक्षा दुसऱ्याच एका जागी अधिक घसरतो. ती जागा 'ल्या'ची आहे. आरोपाची वाक्ये घ्या. इंग्रजीत 'अक्यूज्ड ऑफ स्टीलिंग', 'चार्ज्ड विथ स्टीलिंग', 'ब्लेम्ड फॉर स्टीलिंग' असे दर क्रियापदागणिक शब्दयोगी अव्यय बदलते आणि 'स्टीलिंग' तेवढे जागचे हलत नाही. मराठीत आरोप असो, ठपका असो वा संशय असो, अव्ययाची भानगड नाही, एका 'चा'वर काम भागते. पण क्रियापदाचे रूप ठरवताना मराठी एक प्रश्न विचारते, जो इंग्रजी येथे विचारतच नाही. कृत्य घडून गेले आहे की नाही? म्हणून आपण 'चोरी केल्याचा आरोप' म्हणतो आणि 'चोरी करण्याचा प्रयत्न' म्हणतो. 'चोरी करण्याचा आरोप' असे कोणी लिहिले तर वाक्य कळते, पण ते भाषांतराचे आहे हेही लगेच कळते.

हेच 'आफ्टर' आणि 'बिफोर' यांच्या बाबतीत घडते. 'आफ्टर रिसीव्हिंग युअर लेटर' आणि 'बिफोर रिसीव्हिंग युअर लेटर' यांत 'रिसीव्हिंग' तेच आहे. मराठीत 'पत्र मिळाल्यावर' आणि 'पत्र मिळण्यापूर्वी' अशी दोन वेगळी रूपे लागतात. ज्याच्या मनात 'मिळाल्यावर' घोळते आहे तो इंग्रजीतही भूतकाळ शोधतो आणि 'आफ्टर रिसीव्ह्ड' लिहितो, किंवा व्याकरण सांभाळून 'थँक यू फॉर हॅविंग हेल्प्ड' असे अवजड वाक्य रचतो, जेथे 'थँक यू फॉर हेल्पिंग' पुरेसे असते. 'मदत केल्याबद्दल आभार' आणि 'उशीर झाल्याबद्दल क्षमस्व' ही वाक्ये रोज बोलणाऱ्याला 'हेल्पिंग' आणि 'बीइंग लेट' ही रूपे अपुरी वाटतात, कारण त्यांच्यात 'झाले' हा भाग कोठेच दिसत नाही.

फळा-खडू

'ण्या'ची खूण सर्वत्र चालत नाही हे मान्य. परंतु आपल्या 'ल्या'मुळे एक जुना गुंता फारच सुंदर सुटतो, तो येथे नोंदवतो. काही इंग्रजी क्रियापदांपुढे दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ बदलतो. 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू' म्हणजे 'कळवण्यास खेद होतो', आणि 'आय रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' म्हणजे 'तुम्हाला कळवल्याचा पस्तावा होतो'. नोकरी नाकारणाऱ्या पत्रात यांची अदलाबदल झाली तर अनर्थ ओढवेल. 'रिमेंबर टू लॉक द डोर' म्हणजे 'कुलूप लावायची आठवण ठेव'. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोर' म्हणजे 'कुलूप लावल्याचे मला आठवते'. इंग्रजी व्याकरणे हा फरक 'पुढे व्हायचे' आणि 'मागे झालेले' अशा शब्दांत समजावतात आणि विद्यार्थी तो पाठ करतात, पण मराठी मुलाच्या तोंडात तो आधीपासूनच असतो. 'स्टॉप'पाशी मात्र हे सूत्र संपते: 'चहा प्यायला थांबला' आणि 'चहा प्यायचा थांबला' यांत 'ल्या' कोठेच नाही.

'अफ्रेड' हेही याच घरातले. 'तो झाडावर चढायला भितो' येथे 'अफ्रेड टू क्लाइम', आणि 'त्याला पडण्याची भीती वाटते' येथे 'अफ्रेड ऑफ फॉलिंग'. मराठी वाक्यच इंग्रजी रूप हातात देते.

मुळापासून

चर्चा रंगली आहे, पण दोन 'टू' वेगळे आहेत हे गृहीतकच मला खुपते. मुळात ते एकच होते. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचे मूळ रूप 'अन' या प्रत्ययाने संपत असे, आणि त्याच्यामागे 'टू' आला की ते चतुर्थीसारखे रूप घेऊन 'एन्ने' असा शेवट करी: 'ड्रिंकन' म्हणजे पिणे, 'टू ड्रिंकेन्ने' म्हणजे पिण्यासाठी. पुढे हे प्रत्यय झिजून गेले, 'ड्रिंक' उरले, आणि 'टू' हा क्रियापदाच्या कपाळावरचा टिळा होऊन बसला. 'इंग'चा इतिहास तर आणखी गमतीचा आहे. क्रियावाचक नाम करणारा 'उंग' आणि वर्तमानकालवाचक विशेषण करणारा 'एंडे' असे दोन निराळे प्रत्यय मध्ययुगीन इंग्रजीत एकमेकांत मिसळले आणि दोघांचा 'इंग' झाला. म्हणून 'रनिंग वॉटर' मधला 'इंग' आणि 'टायर्ड ऑफ रनिंग' मधला 'इंग' दिसायला जुळे असले तरी जन्माने भाऊ नव्हेत. जर्मन शिकणाऱ्यांना दोन्ही प्रत्यय अजून वेगळे भेटतात.

नावाविषयी विचाराल तर या 'इंग'वाल्या नामाला इंग्रजीत 'जेरंड' म्हणतात. लॅटिन व्याकरणात 'जेरंड'चा एक सख्खा शेजारी आहे, 'जेरंडिव्ह', आणि तो आपल्या संस्कृत 'तव्य' प्रत्ययाशी तंतोतंत जुळतो. 'अजेंडा' म्हणजे करावयाच्या गोष्टी, अर्थात कर्तव्ये. 'मेमोरँडम' म्हणजे स्मरणात ठेवावयाची गोष्ट. संस्कृत 'तव्य'मधूनच मराठीचे 'करावे', 'करावयास' आणि झिजून 'करायला' आले. तेव्हा 'आयला'वाल्या रूपाच्या पोटात मूळचे 'करायला हवे' दडलेले आहे, म्हणूनच ते पुढे व्हायच्या गोष्टीला शोभते.

शिवाय 'गिव्ह अप', 'गिव्ह इन', 'गिव्ह अवे' यांना आपण उपसर्गच का म्हणू नये? 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात, तोच हा खेळ आहे. वेदांत उपसर्ग धातूच्या नंतरही येतो आणि मध्ये इतर शब्द टाकून दूरही राहतो. पाणिनीने 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च' ही लागोपाठची दोन सूत्रे त्यासाठीच दिली आहेत. 'टेक युअर शूज ऑफ' मधला 'ऑफ' असाच दूर जाऊन बसला आहे.

खाडाखोड

उपमान देखणे आहे, पण मसुदेकारांच्या वाक्यावर ते अर्धेच बसते. 'लुक इट अप' म्हणता येते, 'लुक इट ॲट' म्हणता येत नाही. 'अप' क्रियापदाला चिकटलेला आहे, 'ॲट' पुढच्या नामाचा मालक आहे. पाणिनीचेच बोट धरायचे तर लगेच पुढे 'कर्मप्रवचनीयाः' हे सूत्र येते. उपसर्गांतलेच काही शब्द जेव्हा धातूला सोडून नामाची विभक्ती ठरवतात, तेव्हा त्यांना हे वेगळे नाव मिळते. 'लुक फॉरवर्ड टू' मध्ये दोन्ही आहेत: 'फॉरवर्ड' हा उपसर्ग आणि 'टू' हा कर्मप्रवचनीय. 'पुट अप विथ वेटिंग', 'कट डाउन ऑन स्मोकिंग' यांची घडण हीच. 'गिव्ह अप स्मोकिंग' मध्ये मात्र कर्मप्रवचनीय नाहीच. तेथे 'स्मोकिंग' हे सरळ कर्म आहे.

सोवळे नको

मी गेली काही वर्षे लंडनमध्ये राहतो आणि येथील लोक 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग' मधला 'फ्रॉम' खुशाल गाळून 'प्रिव्हेंट हिम गोइंग' म्हणतात. 'कमिटेड टू प्रोव्हाइडिंग' आणि 'कमिटेड टू प्रोव्हाइड' ही दोन्ही रूपे छापील मजकुरात दिसतात. पूर्वीच्या इंग्रजीत 'अकस्टम्ड टू डू' हे शिष्टसंमत होते, आज 'डूइंग' लिहावे लागते. म्हणजे ही सीमारेषा सरकती आहे. कोट्यवधी भारतीय 'लुक फॉरवर्ड टू मीट' लिहीत असतील तर त्यास चूक म्हणण्याचा अधिकार कोणाचा? सहकाऱ्यांची दुरुस्ती अनावश्यक होती एवढेच म्हणावे.

फळा-खडू

सीमारेषा सरकते म्हणून ती नसते असे होत नाही. आपल्याकडचा प्रयोग भारतीय इंग्रजी म्हणून रुजला आहे की केवळ मराठी वाक्याची सावली आहे, हे आधी पाहावे. 'माझ्यावर रागावला' यावरून 'अँग्री ऑन मी', 'त्याला विचार' यावरून 'आस्क टू हिम', 'विषयी चर्चा' यावरून 'डिस्कस अबाउट' ही सावल्यांचीच उदाहरणे. 'कोप अप विथ' मात्र सावली नव्हे. ते 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या संगतीने बिघडले आहे. मी पहिल्यांवर लाल शाई वापरतो आणि शेवटच्यावरही वापरतो, पण शेरा वेगळा देतो.

सोवळे नको

सावली म्हणून खोडायचे तर मराठीतले 'च्यावर विश्वास ठेवतो' हेही कोणाची तरी सावली ठरेल. 'डिस्कस अबाउट' वाचून आजवर कोणाचा गैरसमज झाला आहे?

मुळापासून

नावाचा प्रश्न मागे पडला. 'शब्दयोगी अव्यय' मराठीत नामाला जोडून आणि नामानंतर येते. इंग्रजीतले सुटे असते आणि आधी येते. त्याला तेच नाव दिल्यामुळे मुलांचा निम्मा गोंधळ होतो. हिंदीतला 'पूर्वसर्ग' मला अधिक नेमका वाटतो. 'इंग'वाल्या नामाला 'धातुसाधित नाम' पुरे.

खाडाखोड

'धातुसाधित नाम' म्हटले की 'मीटिंग'बरोबर 'अरायव्हल' आणि 'रिफ्यूजल' हीही त्याच टोपलीत पडतात, आणि त्यांना थेट कर्म घेता येत नाही. 'रिफ्यूजिंग द ऑफर' चालते, 'रिफ्यूजल द ऑफर' चालत नाही, मध्ये 'ऑफ' लागतो. मराठीतही 'प्रस्ताव नाकारणे' आणि 'प्रस्तावाला नकार' असा हाच भेद आहे. क्रियापदाचे कर्म सांभाळून नाम झालेल्या रूपाला वेगळे नाव हवे, आणि 'पूर्वसर्ग' तर 'उपसर्ग'च्या इतका जवळ आहे की दहावीचा मुलगा पहिल्याच परीक्षेत दोन्हींची अदलाबदल करील.

मुळापासून

'अरायव्हल'ला 'भाववाचक नाम' म्हणा आणि 'अरायव्हिंग'ला 'धातुसाधित', प्रश्न मिटला. 'पूर्वसर्ग'वर मी ठाम आहे.

फळा-खडू

'आगमन' हे भाववाचक आणि 'येणे' हे धातुसाधित, असे आपण मराठीत म्हणतो का? संस्कृत व्याकरणाप्रमाणे 'आगमन' हेही धातूला 'अन' लागूनच झालेले आहे.